साखळीतला शेवटचा फोन

बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, बर्फाच्या कारखान्याला लागून, तीन खुर्च्यांचं एक सलून आहे. खुर्च्या तीन, कारागीर एक. बाकीच्या दोन खुर्च्या मालकाच्या वडिलांनी पुढेमागे धंदा वाढेल म्हणून घेतल्या होत्या. धंदा काही वाढला नाही, गप्पा तेवढ्या वाढल्या, आणि त्या दोन खुर्च्यांवर केस कापून न घेणारी माणसं ठाण मांडून बसायला लागली. मालकाचं खरं नाव लाइटच्या बिलावर छापून येतं, पण ते रस्त्यावर कुणाला विचाराल तर माणूस डोकं खाजवेल. त्याला सगळे रेडिओ म्हणतात. सकाळी आठला शटर वर गेलं की सुरू, ते संध्याकाळी खाली येईपर्यंत. बायको म्हणायची, "लग्न ठरवताना मला सांगितलं होतं, मुलगा फार शांत आहे. नंतर कळलं, त्या दिवशी त्याची दाढ दुखत होती."

याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. कुणाच्या मुलीला कोण बघून गेलं, कुठल्या होडीचं इंजिन कुरकुरतंय, सगळं संध्याकाळपर्यंत बंदरभर. पण गंमत बघा, हे ठाऊक असूनही लोक त्याला सांगायचेच. गळ्याशी वस्तरा, डोळे मिटलेले, गालावर गरम फेस. माणूस अशा वेळी बायकोला सांगत नाही ते बोलून जातो. शिवाय रेडिओच्या बोलण्यात विष नव्हतं. कुणाचं वाईट व्हावं म्हणून तो कधी बोलला नाही. त्याला नुसतं राहवायचं नाही.

याच्या अगदी उलट तांडेल. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, जाळं कुठे टाकायचं ते ठरवणारा. गावात होड्या पुष्कळ, म्हणजे तांडेलही पुष्कळ, पण नुसतं 'तांडेल' म्हटलं की हाच. पहिलीपासून तो आणि रेडिओ एका बाकावर. मास्तरांनी मुद्दाम बसवलं होतं, एकाची बडबड कमी होईल आणि दुसऱ्याची वाचा फुटेल म्हणून. दोन्हीतलं काही झालं नाही. पण दोस्ती झाली ती झालीच.

दर शनिवारी चार वाजता तांडेल दाढीला यायचा. बसायचा, डोळे मिटायचा. एक गाल झाला की न सांगता मान वळवून दुसरा गाल पुढे करायचा. चाळीस वर्षांत रेडिओला त्याला 'मान वळव' म्हणावं लागलं नाही. रेडिओ अर्धा तास बोलायचा, आणि तुरटी फिरवून झाली की तांडेल उठता उठता एक वाक्य बोलायचा. सगळ्या अर्ध्या तासाचं उत्तर तेवढ्यात.

असं चाललं होतं. मग खात्यातल्या बाई आल्या.

समुद्र सांभाळायचं सरकारी खातं असतं, त्यातल्या त्या अधिकारी. मासे घटलेले, तळाला फाटक्या जाळ्यांचे ढीग अडकलेले, त्यात कासवं गुदमरून मरतायत; हे थांबवायचं तर समुद्रावरच्या माणसांना धरून थांबवायचं, असं बाईंचं म्हणणं. म्हणणं खरं, पण माणसं धरायची कशी? त्यांनी सभा घेतली. दोनशे खुर्च्या मांडल्या, अकराजण आले, त्यातले तिघे बिस्किटं संपल्यावर उठले. मग त्यांनी मोबाइलवर ग्रुप काढला. तिसऱ्या दिवसापासून त्यावर सकाळी सकाळी गुलाबाची फुलं यायला लागली, आणि एकानं तर जुनं कपाट विकायला काढलं. बाई बिचाऱ्या कंटाळल्या होत्या.

एकदा त्यांचा ड्रायव्हर केस कापायला सलूनमध्ये शिरला आणि बाई बाकावर वाट बघत बसल्या. अर्ध्या तासात रेडिओनं तीन गिऱ्हाइकांकडून काढून घेतलं की कुठल्या खडकावर कुणाचं जाळं अडकलंय, कुठे अंडी भरलेली मासळी मिळाली, आणि कुणी ती परत सोडली. बाई ऐकतच राहिल्या. दोन वर्षं त्या हेच विचारत फिरत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या समुद्राचा भलामोठा नकाशा आणि टाचण्यांच्या दोन डब्या घेऊन आल्या. लाल टाचणी, फाटकं जाळं. निळी टाचणी, मासे अंडी घालतात ती जागा. नकाशा आरशाशेजारी लागला, म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाच्या अगदी नजरेसमोर. आणि त्या नकाशापासून साखळी झाली.

साखळी म्हणजे काय, तर फोन. सलूनमधल्या काळ्या फोनवरून रेडिओ दोघांना सांगणार, बर्फवाल्याला आणि जाळ्यांच्या दुकानातल्या काकूंना. त्यांनी पुढच्या दोघांना, त्यांनी पुढच्या दोघांना. फुलं नाहीत, कपाट नाही, माणसाचा आवाज. कासव अडकलं, तेल सांडलं, निळ्या जागेवर कुणी जाळं टाकताना दिसलं, की तासाभरात सगळ्या किनाऱ्याला कळायचं. बारा माणसांपासून सुरुवात झाली ती एकशे चौऱ्याऐंशीपर्यंत गेली. शाळेतल्या बाई, दीपगृहाचा रखवालदार, होड्या रंगवणारा, सगळे आले. आणि सगळ्यात शेवटी तांडेल. त्याचं काम एकच, निरोप आपल्यापर्यंत आला की सलूनमध्ये फोन करायचा आणि म्हणायचं, "पोचलं." एका शब्दाचं काम. रेडिओनं ते त्याच्यासाठीच राखून ठेवलं होतं, आणि गावाला त्याचं फार हसू यायचं.

हसू येवो नाहीतर काही, साखळीनं काम केलं. पहिल्याच वर्षी खडकांवरची एकतीस फाटकी जाळी लोकांनी स्वतःच्या होड्या घेऊन वर काढली. अंड्यांच्या दिवसांत निळ्या जागा मोकळ्या राहायला लागल्या. हुकूम नव्हता, दंड नव्हता. 'आपलं ठरलंय' एवढंच होतं.

एकच गोष्ट रेडिओला खुपत होती. तांडेलच्या घराण्याला समुद्रातली एक जागा ठाऊक होती. आहे हे सगळ्या गावाला माहीत, कुठे आहे हे कुणालाच नाही. रेडिओ दोन वर्षं त्याच्या मागे लागला होता. "अरे, एवढी माणसं आपापल्या जागा सांगतायत, आणि माझाच दोस्त गप्प? मी काय तोंड दाखवू?" तांडेल डोळे मिटून ऐकायचा. शेवटी एका शनिवारी, दुसरा गाल चालू असताना, त्यानं सांगितलं. बुडालेल्या खडकाच्या पलीकडे एक खोलगट जागा. वर्षातून दोन आठवडे तिथे मोठे मासे शेकड्यांनी जमतात, अंडी घालतात, पांगतात. वडील त्या जागेला माजघर म्हणायचे. घरातल्या माणसानं तिथे जायचं, दोन मासे घ्यायचे, जाळं टाकायचं नाही.

"टाचणी लावू नकोस," तांडेल म्हणाला.

"तुझी शपथ," रेडिओ म्हणाला.

आणि खरं सांगायचं तर वर्षभर त्यानं ती पाळलीही. त्याला किती जड गेलं असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मग खात्याचे मोठे साहेब साखळी बघायला येणार असं ठरलं. सलून धुऊन काढलं, आरसे पुसले. साहेब यायच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. रेडिओ नकाशासमोर उभा राहिला. बासष्ट निळ्या टाचण्या. आणि ज्या जागेपुढे या बासष्टच्या बासष्ट फिक्या, तिथे कोरा कागद. त्याला बघवेना. बासष्टाच्या त्रेसष्ट झाल्या तर कुणाच्या लक्षात येतंय? साहेब गेले की काढून टाकू. त्यानं टाचणी लावली.

साहेब आले, चहा पिऊन गेले, नकाशाकडे त्यांनी धड पाहिलंही नाही. टाचणी तशीच राहिली. कुणाच्या लक्षातही आली नाही, कारण भिंतीवरचं रोजचं कॅलेंडर कोण बघतं? पाचव्या दिवशी निळ्या शर्टातला एक अनोळखी माणूस दाढीला आला. सुट्टीवर आलोय म्हणाला. फार गोड बोलणं. नकाशाबद्दल विचारलं, साखळीचं ऐकून घेतलं, वा वा म्हणाला. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून समुद्र आहे हो," म्हणाला. रेडिओ फुगला. फुगणारच, चाळीस वर्षांत त्याला 'जरा गप्प बस' याखेरीज कुणी काही म्हटलं नव्हतं.

"एवढ्या टाचण्या," तो माणूस म्हणाला, "यातली खरी मोलाची कुठली?"

हातात कंगवा होता. रेडिओनं कंगव्याचं टोक त्या एका टाचणीवर ठेवलं. "ही," तो म्हणाला. वर कुठले दोन आठवडे, तेही सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं!

पुढच्या पंधरवड्यात, एका धुकट सकाळी, बाहेरच्या चार मोठ्या लोखंडी बोटी बुडालेल्या खडकापलीकडे येऊन उभ्या राहिल्या. दीपगृहाच्या रखवालदारानं पाहिलं, सलूनमध्ये फोन केला, साखळी वाजली. कधी नव्हे इतकी चोख वाजली. पण खात्याची गस्तीची लाँच दुरुस्तीला टाकलेली, ती तीन दिवसांनी आली. तोवर त्या बोटींनी तळ खरवडून नेला होता. पाण्यावर फुटलेल्या अंड्यांचा तवंग होता, तो लोकांनी होड्यांत उभं राहून बघितला. बर्फाच्या कारखान्यातली बाप्ये माणसं रडली.

त्या पहिल्या सकाळी साखळीतला शेवटचा फोन आला.

"पोचलं," तांडेल म्हणाला. आणि फोन ठेवला नाही. तारेतून नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "रेडिओ, माजघर होतं रे ते."

तांडेलनं फोन ठेवला. रेडिओनं नकाशावरची ती टाचणी उपटली आणि खिशात टाकली. कागदाला एवढंसं भोक राहिलं. तुम्हाआम्हाला दिसलंही नसतं. त्याला दुसरं काही दिसेना.

आता गाव म्हटलं की गाव विचार करणारच. जागा कुणाला माहीत होती? तांडेलच्या घरात. मग सांगितली कुणी? शिवाय त्याच महिन्यात तांडेलच्या होडीला दुसरं इंजिन बसलं होतं. जावयानं स्वतःचं जुनं दिलं होतं, आणि ते खरं होतं. पण खरं ऐकून घ्यायला लोकांना तेव्हा फुरसत नव्हती. सगळे होरपळले होते.

शनिवारी चार वाजता तांडेल नेहमीसारखा सलूनमध्ये आला. तो आत शिरला आणि त्या दोन खुर्च्यांवर बसलेली माणसं उठून उभी राहिली. बर्फवाला तोंडावरच म्हणाला, "तू सांगितलंस का?"

"मी नाही," तांडेल म्हणाला.

"मग कुणी?"

तांडेलनं रेडिओकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं असं रेडिओला पुढे कितीदा तरी वाटलं. तांडेल सरळ खुर्चीत बसला, डोळे मिटले. माणसं थुंकून बाहेर गेली. दुकानात दोघेच उरले.

रेडिओनं फेस केला, वस्तरा चालवला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती दाढी मुक्यानं झाली. दर वेळी जीभ टाळ्याला लागायची आणि परत यायची. तुरटी फिरवून झाली. तांडेल उठला, दारापर्यंत गेला, आणि थांबला. पाठमोरा उभा राहिला. चांगला मिनिटभर. तो कशासाठी थांबलाय हे रेडिओला नीट कळत होतं.

"पुढच्या शनिवारी ये," रेडिओ म्हणाला.

तांडेल गेला, तो परत आला नाही.

पुढच्या आठवड्यात लोकांनी ठरवलं की तांडेलचं नाव साखळीतून काढायचं. यादी सलूनमध्ये, म्हणजे काट मारायची रेडिओनंच. त्यानं पेन्सिलीनं मारली, अगदी हलक्या हातानं. 'पोचलं' म्हणायचं काम जाळेवाल्या काकूंच्या भाचीला दिलं.

का नाही बोलला? तो स्वतःला रोज समजवायचा. साखळी सलूनवर उभी आहे. नकाशा सलूनमधून फुटला हे कळलं तर उद्यापासून कोण तोंड उघडेल? एकशे चौऱ्याऐंशी माणसं उठून जातील, जाळी पुन्हा खडकांवर राहतील, कासवं मरतील. एका माणसाचं नाव एकीकडे आणि अख्खा समुद्र एकीकडे. समुद्रासाठी गप्प बसलोय मी. समुद्रासाठी म्हणे! अरे, घाबरला होता तो. लोक आपल्या खुर्चीतून थुंकून उठतील, एवढ्याचीच भीती होती. समुद्राचं नाव घेतलं की जरा मोठं वाटतं, इतकंच.

पण बोलणं आटलं ते आटलंच. एक गोष्ट दाबायची म्हणजे बाकीच्याही दाबाव्या लागतात, नाहीतर बोलता बोलता ती निसटेल. लोक म्हणायचे, "रेडिओच्या बॅटऱ्या गेल्या वाटतं." बायको विचारायची, "तुम्हाला होतंय तरी काय?" तो म्हणायचा, घसा धरलाय. आठ महिने घसा धरतो होय कुणाचा?

तांडेल लांबून दिसायचा. एकटा होडीवर. त्याच्या जाळ्याला हात लावायला आता कुणी येत नव्हतं. दाढी वाढत चालली होती. आधी काळीपांढरी, मग सगळी पांढरी, मग छातीवर आलेली. दुसऱ्या कुणाकडे तो दाढीला गेला नाही. रेडिओ ती दाढी बघायचा आणि रस्ता बदलायचा.

एका सोमवारी दुपारी रेडिओच्या घरी फोन आला. तांडेलची बायको. रेडिओ त्यांना वहिनी म्हणायचा.

"भाऊजी, ह्यांना झटका आलाय. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नाकातून नळी घातलीय, पण दाढीमुळे चिकटपट्टी बसत नाही म्हणतात. सिस्टर म्हणाली, कुणाला तरी बोलवा. तुम्ही येता का?"

दवाखान्याच्या त्या खोलीत चार खाटा होत्या, तांडेल खिडकीकडच्या. रेडिओनं पिशवी उघडली. आधी कात्रीनं दाढी उतरवली, केसांचा पांढरा ढीग वर्तमानपत्रात गुंडाळून वहिनींकडे दिला. मग गरम पाणी घेतलं, ब्रश फिरवला. तांडेलचा डावा डोळा उघडा होता आणि त्याच्याकडे बघत होता.

डाव्या गालावर वस्तरा टेकवला आणि रेडिओ बोलायला लागला.

"मी लावली टाचणी. तू नको म्हणाला होतास, मी लावली. साहेब येणार होता म्हणून. आणि तो निळा शर्टवाला आला होता, त्याला मीच दाखवली. कंगव्यानं दाखवली रे. कधी यायचं तेही सांगितलं. तुला सगळे बोलत होते आणि मी तिथेच उभा होतो. तुझं नाव मी माझ्या हातानं खोडलं." नाक गळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. "मला मार. काहीतरी कर. असा बघू नकोस."

तांडेल बघत राहिला. त्याच्या डोळ्यात काय होतं ते रेडिओला वाचता आलं नाही. डावा गाल झाला. मग हळूहळू, फार कष्टानं, तांडेलनं मान वळवली आणि दुसरा गाल पुढे केला.

चाळीस वर्षांत रेडिओनं त्याला कधी कापलं नव्हतं. आज कानाखाली बारीकसं कापलं, तिथे त्यानं किती तरी वेळ तुरटी दाबून धरली.

बाहेरच्या व्हरांड्यात तो वहिनींच्या पायाशी बसणार होता, पण त्यांनी बसू दिलं नाही.

"मला काय सांगताय," वहिनी म्हणाल्या. "मला त्याच दिवशी कळलं. हे म्हणाले, मी त्याच्याशिवाय कुणाजवळ बोललोच नव्हतो."

"मग सगळ्यांना सांगितलं का नाही?"

"मी भांडले ना त्यांच्याशी! म्हटलं, जा, चारचौघांत सांगा. म्हणाले, नको, लोक त्याला फाडून खातील. तो स्वतः सांगेल. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, आठवडाभर धीर धर." वहिनींनी पदराला हात पुसले, पुसायला काही नव्हतं तरी. "दर शनिवारी चारला शर्ट बदलून दारात बसायचे. मी म्हणायचे, अहो, तुम्हीच जा सलूनमध्ये. तर म्हणायचे, मी गेलो तर त्याला वाटेल हा जाब विचारायला आला. त्यालाच येऊ दे. गेल्या शनिवारीसुद्धा बसले होते."

रेडिओ भिंतीला टेकला.

"सगळ्या गावाचं काही म्हणून तुमच्या पोटात राहत नाही, भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "आणि एवढंच कसं हो राहिलं?"

रेडिओ म्हणाला, "उद्या सकाळी सलून उघडलं की पहिलं काम हेच. साखळीवर सांगतो. सगळ्यांना."

"आज का नाही?"

"आज सोमवार. सलून बंद असतं. फोन तिथे, यादी तिथे."

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं आणि "बरं" म्हणाल्या. सलूनची किल्ली त्याच्या खिशातच होती. ती नेहमीच असते.

मंगळवारी आठच्या आत त्यानं शटर वर केलं. यादी काढली. तांडेलच्या नावावरची पेन्सिलीची रेघ खोडरबरानं पुसली. पाणी न पिता, उभ्या उभ्या बर्फवाल्याचा नंबर फिरवला.

"बर्फवाल्या, निरोप आहे. साखळीत टाक."

"तो ना? मिळाला, मिळाला," बर्फवाला म्हणाला. आवाज जड होता. "आत्ताच दवाखान्यातून कंपाउंडरचा फोन आला होता. तांडेल पहाटे गेला. साखळीत टाकलाच आहे मी. तुलाच करणार होतो आता."

रेडिओनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, जणू त्या कानानं वेगळं काही ऐकू येणार होतं.

"हॅलो? रेडिओ?"

"दुसरा निरोप आहे," रेडिओ म्हणाला. "लिहून घे. जागा तांडेलनं फोडली नाही. मी फोडली. रेडिओनं. टाचणी मी लावली आणि परक्या माणसाला मी दाखवली. पुढे सांग. आणि शेवटचा फोन त्याच्याच घरी गेला पाहिजे. जुन्या यादीप्रमाणे."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. रेडिओनं काकूंचा नंबर फिरवला आणि तेच सगळं परत सांगितलं.

तांडेलच्या घरी जायचं धाडस झालं नाही. तो खुर्चीत बसून राहिला, फोनकडे बघत. साधारण दहाला बर्फवाला दारात आला. आत आला नाही. शिव्या देईल म्हणून रेडिओ उठून उभा राहिला. द्यायला हव्या होत्या.

"आठ महिने आम्ही त्याच्याशी बोललो नाही, रेडिओ," बर्फवाला म्हणाला. "माझ्या पोराच्या लग्नाला नाही बोलावलं मी त्याला."

"साखळीतून तुम्ही जाल ना आता सगळे?" रेडिओनं विचारलं. मूर्खासारखं विचारलं, पण आठ महिने तो यालाच भीत होता.

"कशाला जाऊ? समुद्र काय तुझ्या बापाचा आहे?" बर्फवाला डोळे पुसत म्हणाला. "चिडलो असतो, दोन ठेवून दिल्या असत्या, महिनाभर दुसरीकडे दाढी केली असती. बस. एवढंच झालं असतं रे!"

आणि तो तांडेलच्या घराकडे चालता झाला. त्याच्या मागोमाग रस्त्यानं माणसं जायला लागली. काकू गेल्या, त्यांची भाची गेली, होड्या रंगवणारा रंगाच्या हातांनीच गेला. सगळे सलूनवरून गेले. कुणी आत बघितलं नाही, कुणी थुंकलंही नाही. रेडिओ आरशात त्यांना जाताना बघत होता.

साखळी तुटली नव्हती. कुणीही मध्ये अडवून धरली नव्हती. किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक माणूस फोन उचलत होता, ऐकत होता आणि पुढच्या दोघांना सांगत होता. तांडेलनं नाही. रेडिओनं. पुढे सांग.

साडेअकराला एक गिऱ्हाईक आलं, बसथांब्यावर उतरलेलं, गावाचा काही संबंध नसलेलं. दाढी करा म्हणालं. नाही म्हणायचं रेडिओला सुचलं नाही. फेस लावून झाला आणि काळा फोन वाजला.

"हॅलो," रेडिओ म्हणाला.

पलीकडे खूप माणसांची कुजबुज होती, भांड्यांचा आवाज होता. मग वहिनींचा आवाज आला.

"पोचलं," वहिनी म्हणाल्या.

रेडिओनं डोळे मिटले.

"ऐकायला आता इथे कुणी नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पण पोचलं."

त्यांनी फोन ठेवला. रेडिओ रिसीव्हर कानाला लावून तसाच उभा राहिला. खुर्चीतल्या माणसाच्या गालावरचा फेस वाळायला लागला होता. शेवटी त्यानं विचारलं, "अहो, काय झालं?" आणि रेडिओनं त्याला पहिलीच्या बाकापासून सगळं सांगायला सुरुवात केली.